बेडवरचा बास आणि क्लबची मे महिन्यातली टूर्नामेंट

गरीवाला:
मिशिगनला येऊन बारा वर्षं झाली, बास (इथला गोड्या पाण्यातला मासा) गरवायला लागून सहा आणि क्लबात शिरून दोन. क्लबचं नाव सांगत नाही. मंडळी चांगली आहेत आणि मला अजून त्यांच्याच बोटीत बसायचंय. (मी नॉन-बोटर. म्हणजे पुढे उभा असलेला बोटवाला जे पाणी सोडेल त्यात मागून गळ टाकणारा.)

गेल्या वर्षी आमची पहिली टूर्नामेंट मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आधीच्या शनिवारी होती. इथल्या बहुतेक तळ्यांवर बास ठेवून घ्यायची मुभा त्याच दिवशी सुरू होते. 2015 पासून पकडता वर्षभर येतो, पण त्या शनिवारपर्यंत लगेच सोडावा लागतो. थंडी लांबलेली, पाणी 62 फॅरनहाइट आणि नर अजून बेडवर, म्हणजे घरट्यावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लार्जमाउथ जातीच्या बासचा नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून परातीएवढं गोल घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढे पिल्लं सुटी होईपर्यंत हा एकटा पहाऱ्याला. त्या दिवसांत तो भुकेपेक्षा रागाने गळाला लागतो. घरट्यात आलेली वस्तू तोंडाने उचलून बाहेर टाकायला जातो आणि अडकतो.

माझा अडीच पौंडी तसाच. पांढरी ट्यूब (गळाला लावायचं मऊ नकली आमिष) घरट्यात नेऊन ठेवली. दोनदा त्याने नुसती ढकलली, तिसऱ्यांदा उचलली. जाळीत घेतला तर शेपटीची खालची कड झिजून लाल झालेली. लाइव्हवेलचं (तोलेपर्यंत मासे जिवंत ठेवायची बोटीतली टाकी) झाकण लावून वळलो आणि चष्म्यातून स्वच्छ दिसलं: सात-आठ ब्लूगिल (छोटे मासे, अंड्यांवर टपलेले) त्या परातीत तोंडं खुपसून, लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखे. माझा मासा चार मैलांवरच्या रॅम्पवर (बोटी पाण्यात उतरवायचा उतार) तोलला आणि तिथेच सोडला. त्याला घरी परत कोण नेणार? मला साठ डॉलर मिळाले.

माझं म्हणणं, ही टूर्नामेंट जुलैवर ढकला. बोला.

डॅलसचा दादूस:
ब्लूगिलची पंगत वाचून डोळे पाणावले रे. आता आमच्या टेक्ससमधल्या लेक फोर्क तळ्याचं ऐक. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत अर्धं टेक्सस तिथे बेडवर गळ टाकत असतं. सीझन बंद वगैरे भानगड नाही. 16 ते 24 इंचांमधला मासा ठेवायचा नाही, एवढा एक नियम पाळतात. राज्याचा विक्रम, 18.18 पौंड, जानेवारी 1992 मध्ये याच तळ्यातून निघाला. आणि सरकार काय करतं? जानेवारी ते मार्च 13 पौंडांच्या वरचा मासा मिळाला तर आम्हाला द्या, अंडी काढून घेतो म्हणतं. वसंतात मोठा मासा पकडणं हे पाप असतं तर सरकारनेच त्यावर योजना काढली असती का?

गरीवाला:
दादूस, तुझ्या मुद्द्यातच उत्तर आहे. ते अंडी काढतात, हॅचरीत पिल्लं वाढवतात आणि तळ्यांत सोडतात. आमच्या तळ्यात जे काही होतं ते त्या नराच्या भरवशावर. शिवाय तुमच्याकडे पिल्लांना वाढायला जवळजवळ वर्ष मिळतं. इथे ऑक्टोबरात पाणी गार झालं की संपलं. तोवर जी अंगाने भरली तीच हिवाळा काढतात.

माजी तोलारी:
इंडियानात एका क्लबचा वजनकाटा मी नऊ वर्षं सांभाळला, म्हणून थोडं सविस्तर. जुलैवर ढकला म्हणणाऱ्यांनी जुलैतलं लाइव्हवेल एकदा उघडून बघावं. पाणी 82 फॅरनहाइट, त्यात ऑक्सिजन कमी, टाकीत पाच मासे आणि आठ तासांचा दिवस. बर्फाच्या बाटल्या टाका, पंप सतत चालू ठेवा, तरी पोटं वर करतात. मेलेल्या माशामागे वजन कापायचा दंड होता, तरी उन्हाळ्यात काट्यावर मेलेले मासे यायचेच. काही तर सोडल्यावर दोन दिवसांनी मरतात, ते कोणी मोजत नाही. मे महिन्यात एकही मेलेला आला नाही अशा टूर्नामेंट मी पाहिल्यात.

दुसरं. एका घरट्यात हजारो अंडी असतात. सगळी जगली तर तळ्यात पाणी उरणार नाही. एक थंड वारा सुटला, दोन दिवसांत पाणी सहा अंशांनी उतरलं, की नर स्वतःच बेड सोडून जातो. त्या वाऱ्याच्या नावाने कुणी धागा काढत नाही.

गरीवाला:
लाइव्हवेलचा मुद्दा मान्य. जुलै मी मागे घेतो, तो विचार न करता लिहिला.

पण अंड्यांच्या हिशेबाला एक जोड देतो. इलिनॉयच्या डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात हेच तपासलं. नर उचलला की घरटं लुटलं जातं, आणि जितका जास्त वेळ त्याला दूर ठेवाल तितकी तो परतल्यावर घरटं सोडून देण्याची शक्यता जास्त. दोन मिनिटं आणि सहा तास यांत फरक आहे. वारा वाहतोच, म्हणून आपणही वारा व्हायचं का?

माजी तोलारी:
घरटं गेलं हे सिद्ध होतं. तळं रिकामं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या धाग्यात त्या सारख्या एकमेकींत मिसळताहेत.

कुंडलिकाकाठची:
मला बासमधलं काही कळत नाही, पण धागा वाचून हसू आलं. आमच्या रायगडात पहिला पाऊस पडला की वलगणीला जातात. अंड्यांनी भरलेले मासे ओढ्याने वर, शेताकडे चढत असतात आणि गाव टोपल्या, जाळी, कुणी तर मच्छरदाणी घेऊन उभा. माझा आजा ते मासे आणायचा आणि गाबोळीवर सगळ्यांचा डोळा. तोच आजा नारळी पौर्णिमेआधी समुद्रात होडी घालायला नको म्हणायचा. आता सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते, तीही माशांच्या विणीसाठीच. म्हणजे एकाच घरात दोन्ही नियम सुखाने नांदत होते.

खवय्या नंबर एक:
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. खायचा नाही तर पकडायचा कशाला?

गरीवाला:
बायको सहा वर्षं हेच विचारते. एकदा बासचं कालवण केलं होतं. तिखट जास्त पडलं म्हणून कळलं नाही कसा लागतो.

कयाकवाली मावशी:
ओहायोत कयाक क्लबच्या टूर्नामेंट खेळते. आमच्याकडे काटा नाहीच. मासा मोजपट्टीवर ठेवायचा, शेजारी त्या दिवशीचं कोड लिहिलेलं कार्ड, फोटो काढायचा आणि जिथे मिळाला तिथेच पाण्यात. पाच सर्वांत लांब माशांचे इंच मोजतात. पट्टी आधी ओली करायची, कोरड्या पट्टीवर माशाची चिकट साय निघते (हे नव्यांना दर वेळी ओरडून सांगावं लागतं). मे महिन्यात खेळा की, मासा चार मैल फिरवू नका म्हणजे झालं.

डॅलसचा दादूस:
आणि लबाडी? फोटोत काय, शेपूट दाबून अर्धा इंच वाढवता येतो.

कयाकवाली मावशी:
काट्यावर लबाडी होत नाही? 2022 मध्ये इथेच, लेक ईरीवरच्या वॉलाय माशाच्या टूर्नामेंटमध्ये माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले. सगळ्या जगाने व्हिडिओ पाहिला.

माजी तोलारी:
मावशींची पद्धत वाईट नाही. पण खरं सांगू? दुपारी तीनला सगळे रॅम्पवर जमतात, पिशवीतून मासा निघतो, कुणीतरी ओरडतं. त्यासाठी अर्धे लोक क्लबात आहेत. फोनवरचे इंच बघायला कोण थांबणार? 1972 मध्ये बास टूर्नामेंट भरवणाऱ्या रे स्कॉटने आपल्या टूर्नामेंटमध्ये मासे जिवंत सोडायची पद्धत आणली तेव्हाही तोलण्याचा सोहळा त्याने शाबूत ठेवला. तो माणूस मूर्ख नव्हता.

गरीवाला:
अपडेट. मार्चची मीटिंग काल झाली. फक्त मेच्या टूर्नामेंटला काट्याऐवजी मोजपट्टी, असा ठराव मांडला. नऊ विरुद्ध चौदा, पडला. मग म्हटलं, निदान बेडवरचा मासा लाइव्हवेलमध्ये नको एवढं तरी ठरवू. आमच्या अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, तो बेडवरचा होता हे काट्यावर कसं ओळखायचं? मी झिजलेली शेपटी म्हणालो. ते म्हणाले, बेड सोडल्यावर पंधरा दिवसांनीही ती तशीच दिसते. गप्प बसलो. या मे महिन्यात मी नाव दिलेलं नाही.

डॅलसचा दादूस:
मग मोकळा आहेस ना? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोर्कला ये. बोट माझी, पुढे तू उभा राहा.

गरीवाला:
येतो. बेडवर टाकणार नाही.

डॅलसचा दादूस:
आठ पौंडी दिसू दे, मग बोलू.