मतं जुळली नाहीत, तरी माणूस सुटला नाही : तुमचे अनुभव लिहा

पायवाट

दोन वर्षांपूर्वी घरच्या ग्रुपवर मी आणि माझा आतेभाऊ इतके भांडलो की मी ग्रुपच सोडला. विषय सांगत नाही, सांगितला तर इथेही दोन तट पडतील. त्यानंतर आत्याकडे जायचं तर आधी विचारून घ्यायचो, दादा आहे का म्हणून.

मग बाबांचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्री खुर्चीत पेंगत होतो, डोळे उघडले तर दादा दारात. काखेत स्वतःची उशी. म्हणाला, "तू घरी जा. सकाळी सहाला ये." पुढच्या चार रात्री तोच. सकाळी गेलो तर भिंतीवर त्याच्या अक्षरातला गोळ्यांचा तक्ता, दिलेल्या गोळीपुढे बरोबरची खूण. खरं सांगतो, त्या तक्त्याचा मला थोडा रागच आला. माणूस असा निघाला की नीट भांडताही येत नाही.

मतं दोघांचीही होती तिथेच आहेत. पण आता बोलतो.

धाग्याचा नियम एकच: बरोबर कोण होतं ते नको. तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं ते लिहा. फसलेलंही चालेल.

नाईट ड्यूटी

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. एका रात्री खिडकीशी एक गृहस्थ आले. मुलगी ऑपरेशन टेबलवर. विचारलं काय, तर "हे रक्त कोणाचं आहे? आमच्यापैकी कोणाचं मिळेल का?"

पूर्वी अशा माणसांना मी फैलावर घ्यायचे. त्या रात्री त्यांच्या हातातला फॉर्म थरथरत होता, म्हणून गप्प राहिले. पिशवी काचेपाशी आणली आणि लेबल वाचून दाखवलं: रक्तगट, पिशवी क्रमांक, रक्त काढल्याची तारीख, मुदतीची तारीख. नाव कुठेच नाही. म्हटलं, "काका, इथे नंबरच असतो. मी बघते ते एवढंच, की तुमच्या मुलीचं रक्त याच्याशी जुळतंय का." जुळत नसेल तर पेशींच्या गुठळ्या होतात, तेही सांगितलं. सख्ख्या भावाचं चालत नाही आणि कुठल्या अनोळख्याचं चालतं, हे आम्ही रोज बघतो. शास्त्रज्ञ लँडस्टायनरने 1901 साली रक्तगट मांडले; माणसांनी केलेली दुसरी कुठली विभागणी रक्ताला कळत नाही.

ते काही बोलले नाहीत. सही केली. मनातून बदलले का, कोण जाणे. पिशवी वेळेत वर गेली. लाल पेशी फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. आमच्याकडे एखाद्याला सुधारत बसण्याइतका वेळ नसतो.

खडूफळा

मी शिक्षक. एके वर्षी दोन तुकड्या अर्ध्यातच एकत्र केल्या. बाक मध्ये रेघ मारल्यासारखे विभागले गेले. मोठ्यांच्या जगात जे चाललं होतं तेच शब्द मुलांच्या तोंडी. मी उत्साहाने मिश्र संघ करून सामने घेतले. प्रकरण आणखी चिघळलं, कारण आता हरल्याचं खापर फोडायला दुसऱ्या तुकडीतलं कुणीतरी आपल्याच संघात सापडायचं.

मग पावसात वाचनालयाचं छत गळलं. शेकडो पुस्तकं भिजली. ओल्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटून सुकली की सोडवताना फाटतात. म्हणून दर काही पानांत कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. एकट्याने होत नाही: एकाने पान अलगद उचलून धरायचं, दुसऱ्याने कागद सरकवायचा. कोण कुणाशेजारी बसलंय हे बघायला फुरसत नव्हती. दोन दिवस एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन मुली एक जाडजूड शब्दकोश घेऊन बसल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी "हळू गं, कोपरा!" एवढंच ऐकू येत होतं.

मानसशास्त्राच्या वाचकांना मुझफर शेरीफचा 1954 सालचा ओक्लाहोमातला प्रयोग आठवेल. साधारण अकरा वर्षांची 22 मुलं, दोन गट, आधी स्पर्धा लावून पेटवलेलं वैर, मग बंद पडलेलं पाणी सगळ्यांनी मिळून सुरू करायचं. नुसतं शेजारी बसवून वैर कमी झालं नव्हतं, गरज सामायिक झाली तेव्हा झालं. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनेही गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हायच्या अटी मांडल्या: दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. माझ्या सामन्यांत यातलं निम्मंही नव्हतं.

पण मला जास्त आवडते ती आधीची गोष्ट. शेरीफने 1953 मध्ये असाच प्रयोग करून पाहिला होता. तो मध्येच गुंडाळावा लागला, कारण मुलं एकमेकांवर उठेनातच. आधी ओळख झाली होती ना त्यांची! हे फारसं कुणी सांगत नाही.

फक्त वाचक

मला नाही जमलं. शाळेपासूनची मैत्रीण. फोन केला, दहा मिनिटांत आवाज चढले, माझाच आधी. फसलेलंही चालेल म्हणालात म्हणून लिहिलं.

जरा कडवट

सगळं वाचलं. छान आहे. पण करुणा आणि ऐक्य नेहमी ज्याला लागलंय त्याच्याकडूनच का मागतात? आमच्या इमारतीत आम्ही राहू नये म्हणून एक पत्र फिरलं होतं, बऱ्याच जणांच्या सह्यांनिशी. नंतर वातावरण निवळल्यावर सगळे म्हणाले, "जाऊ दे ना आता." काय जाऊ दे? कुणी बोललंच नाही की मी सही केली म्हणून.

वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांसाठी नेमलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाचं नाव सगळे घेतात. डेस्मंड टुटू अध्यक्ष, 1996 पासून जाहीर सुनावण्या. पण तिथे माफी फुकट नव्हती. राजकीय हेतूने काय केलं ते सगळं उघड सांगायचं, मगच विचार. सात हजारांवर अर्ज आले, त्यातले बहुतेक फेटाळले गेले. नावात 'सत्य' आधी आहे आणि 'सलोखा' नंतर, तो क्रम उगाच नाही. त्यातूनही पीडितांना पुरेसं मिळालं नाही, ही तक्रार आहेच.

पायवाट

@जरा कडवट, पटलं. दादाने मला सॉरी म्हटलेलं नाही आणि मीही त्याला नाही. आमच्यात तेवढ्यावर भागलं, कारण दोघांनी सारखंच झोडपलं होतं. तुमचं तसं नाही.

दारोदार

मी एका मोहिमेत घरोघरी जाऊन लोकांशी बोलायचो. आधी आकडे तोंडपाठ करून जायचो, लोक दार लावायचे. मग आम्हाला वेगळं शिकवलं: मुद्दा मांडू नका, विचारा. ब्रूकमन आणि काल्ला यांचा 2016 चा अभ्यास त्यासाठी वाचायला दिला होता. मायामीत दारात उभं राहून साधारण दहा मिनिटं केलेल्या अशा गप्पांचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकलेला दिसला होता.

एका आजोबांना विचारलं, "तुम्हाला कधी कुणी वेगळं काढलं होतं का?" ते बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. मग लहानपणचा तोतरेपणा, वर्गात उभं करून वाचायला लावणं, सगळं बोलले. मीही माझं सांगितलं. मूळ विषय शेवटची दोन मिनिटं निघाला. त्यांचं मत? "बघू." दहातल्या आठ घरी तेवढंही होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जरा कडवट

एक राहिलं. पूर्ण खरं सांगायचं तर कुणीच बोललं नाही असं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या, बऱ्याच महिन्यांनी. बेल वाजवली आणि पहिलंच वाक्य, "त्या पत्रावर माझी सही होती. वाचून केली होती, न वाचता नाही." पुढे घाबरले होते वगैरे काही सांगितलं नाही, त्यासाठी मी त्यांना मानते.

मी त्यांना आत या म्हटलं नाही. दारही लावलं नाही. अर्धा तास उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्यानेच बोललो. आता जिन्यात भेटल्या की थांबतात, आणि मीही थांबते.