विषय: आई-बाबांच्या इंग्रजी वर्गात मक्याच्या पानांची बाहुली

प्रेषक: शनिवार वर्ग, समन्वयक

नमस्कार मंडळी,

सुपर व्हिसावर (मुला-नातवंडांकडे दीर्घकाळ राहण्यासाठीचा व्हिसा) कॅनडात आलेल्या आई-बाबांना नवागतांसाठीच्या सरकारी इंग्रजी वर्गात, म्हणजे 'लिंक'मध्ये, प्रवेश नाही, म्हणून मंडळाचा शनिवारचा वर्ग चालतो. ३० सप्टेंबरच्या सत्य आणि सलोखा दिनाआधीच्या शनिवारी इथल्या मूलनिवासी लोकांची एखादी सोपी हस्तकला घेऊन त्यातून ऐकण्याचा सराव करावा, अशी सूचना आली आहे. ड्रीमकॅचरचं (दोऱ्याचं जाळं विणलेलं, टांगायचं कडं) तयार किट घ्यावं की मक्याच्या पानांची बाहुली? साहित्य आणि पद्धत नेमकी लिहा, म्हणजे स्वयंसेवकांना देता येईल.

---

प्रेषक: इंग्रजी शिक्षिका

नमस्कार दादा,

ड्रीमकॅचर नको. ओजिब्वे या मूलनिवासी लोकांच्या श्रद्धेशी ते जोडलेलं आहे, हे एक. दुसरं म्हणजे त्यात एकच गाठ पुन्हापुन्हा मारायची असते, त्यामुळे पहिल्या दोन गाठींनंतर कानाला कामच उरत नाही. शिवाय किटबरोबर चित्रांचा कागद येतो आणि सगळे त्यातच डोकं घालून बसतात. मक्याच्या पानांची बाहुली हॉडेनोशोनी या मूलनिवासी लोकांची, आणि तिच्यात प्रत्येक पायरीला नवी कृती आहे. पुढचं वाक्य कळलं नाही तर हात थांबतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

एका बाहुलीला मक्याच्या कणसावरची रुंद वाळलेली पानं सहा-सात, सुती दोऱ्याचे वीतभर तुकडे सात, आणि कात्री. लॅटिन अमेरिकन वाणसामानाच्या दुकानात तमालेसाठी (या पानांत गुंडाळून वाफवायचा मक्याच्या पिठाचा पदार्थ) या पानांची पाकिटं मिळतात. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा. देठाकडचा जाड भाग उशिरा मऊ होतो. घाई केली तर दुमडताना तिथेच चीर पडते. भिजवणं वर्ग सुरू व्हायच्या आधी उरका, कारण कोरडी पानं फार कुरकुरतात आणि श्रवणयंत्र लावणाऱ्यांना त्या आवाजात शब्द सापडत नाहीत.

वाक्यं इतकीच ('हस्क' म्हणजे कणसावरचं पान): टेक फोर हस्क्स. टाय द टॉप. फोल्ड देम डाउन. टाय द नेक. रोल वन हस्क. टाय बोथ एंड्स. पुट इट अंडर द नेक. टाय द वेस्ट.

पहिली गाठ निमुळत्या टोकापासून दोन बोटं खाली. मग पानं एकेक करून चारही बाजूंनी त्या गाठीवरून खाली वळवायची, म्हणजे गाठ आत जाते आणि डोकं गोल होतं. सगळी एकाच बाजूला वळवली तर डोकं चपटं होतं. हात म्हणजे घट्ट गुंडाळलेलं एक पान, मानेखाली पुढच्या-मागच्या पानांच्या मधून सरकवलेलं. कमरेची गाठ सैल राहिली तर वाळल्यावर हात निसटतात, कारण पानं सुकताना आकसतात.

आता ऐकण्याचं. पहिल्या फेरीत हातात काही नको. आपण वाक्य बोलायचं आणि कृती हवेत करून दाखवायची, त्यांनीही तशीच करायची. दुसऱ्या फेरीत पानं वाटा आणि तुमचे हात उभ्या फाइलमागे लपवा. बोला, मनात पाचपर्यंत मोजा, मग तेच वाक्य तसंच्या तसं पुन्हा. 'टाय द नेक' कळलं नाही म्हणून 'मेक अ नॉट हिअर' म्हणालात, तर शिकणाऱ्यासाठी ते नवंच कोडं होतं.

सगळ्यात जास्त घोटाळा अंडर आणि अराउंडचा. दोन्ही शब्द 'अ'ने सुरू होतात आणि घाईच्या बोलण्यात मधले स्वर दबतात, मग हाताचं पान मानेखालून जायच्या ऐवजी मानेभोवती गुंडाळलं जातं. हे दोन शब्द पहिल्या फेरीत वेगळे काढून हातवाऱ्यांनी पक्के करा. 'फोल्ड देम' नेहमीच्या बोलण्यात 'फोल्डम' होतं. सुटं-सुटं म्हणू नका, बाहेर दुकानात त्यांना 'फोल्डम'च ऐकू येणार आहे. वयोमानाने स, फ, ट हे आवाज आधी हरवतात, म्हणून 'हस्क्स'मधल्या शेवटच्या 'स'वर विसंबू नका. आकडा ठळक बोला.

नवरा-बायकोला शेजारी बसवू नका. 'अहो, खाली दुमडा' ही कुजबुज झाली की ऐकणं संपलं.

---

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

ताईंनी लिहिलंय त्याला जोडून थोडं. या बाहुलीला चेहरा काढत नाहीत. स्केचपेनं टेबलावर ठेवूच नका, नाहीतर कुणीतरी डोळे काढेलच. बाहुली कुणाची हे आधी मराठीतून सांगा: हॉडेनोशोनी म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्करोरा ही सहा राष्ट्रं. ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्ड शहराजवळ ग्रँड रिव्हरकाठी त्यांची वस्ती आजही नांदती आहे. ब्रँटफर्डचं वुडलँड कल्चरल सेंटर ज्या आवारात आहे, तिथे मोहॉक इन्स्टिट्यूट ही निवासी शाळा १९७० पर्यंत चालू होती. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या अशा शाळांमुळेच २०२१ पासून ३० सप्टेंबर हा सत्य आणि सलोखा दिन पाळला जातो. आपले लोक हे ऐकल्यावर बाहुली वेगळ्या आदराने हातात घेतील.

कुणाला किती कळलं हे पाहायचं तर शेवटची सूचना प्रत्येकाला जवळ जाऊन वेगळी द्या: एकाला 'मेक अ स्कर्ट', दुसऱ्याला 'मेक टू लेग्ज'. स्कर्टसाठी खालची कड सरळ कापायची, पायांसाठी पानं मधोमध वेगळी करून घोट्यांशी बांधायची. शेजाऱ्याची नक्कल केली की लगेच दिसतं.

---

प्रेषक: शनिवार वर्ग, समन्वयक

दोघांचे आभार. बाहुलीच घेऊ. पाकिटं मी आणतो. घरी नेताना ओल्या बाहुल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, बुरशी धरते. वर्तमानपत्रावर दोन दिवस उघड्या वाळू द्या.