यंदाची ऋषिपंचमीची भाजी इथल्याच मातीतली : मंडळासाठी अलॉटमेंट

प्रेषक: सचिव
रविवार, 11 जानेवारी 2026

सर्वांना नमस्कार,

संक्रांतीचा तिळगूळ अजून व्हायचाय आणि मी गणपतीचा विषय काढतेय, पण त्याला कारण आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, त्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला आणि ऋषिपंचमी 15 ला. गेल्या वर्षी हेच सगळं ऑगस्टअखेर होतं. म्हणजे इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या उन्हाळ्याचे अडीच आठवडे भाजी वाढायला जास्त मिळणार.

पंचमीच्या भाजीसाठी आपण अळू, भेंडी, पडवळ, दोडका, चवळीच्या शेंगा दुकानातून आणतो. त्यातलं बहुतेक विमानानं आलेलं असतं. आदल्या रात्री खोकी उघडली की अळूची पानं कडेनं काळी पडलेली दिसतात, देठ मऊ झालेले असतात, निवडता निवडता निम्मी जुडी टाकून द्यावी लागते. या भाजीचा नेमच असा की त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. हातानं खणून परसात पिकवलेलं तेवढंच शिजवायचं. आणि आपण ती सात हजार किलोमीटरवरून उडवत आणतो. मला हे मनापासून पटत नाही.

म्हणून प्रस्ताव: मंडळानं मिळून एका अलॉटमेंटवर (कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, भाजीपाला लावायला भाड्यानं देते तो जमिनीचा तुकडा) काम करायचं. पूर्ण प्लॉट 10 रॉडचा (रॉड हे इथलं जुनं माप) असतो, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. आपल्याला अर्धा पुरे. प्लॉट एखाद्या कुटुंबाच्या नावावर राहील, बाकीच्यांनी पाळीपाळीनं जायचं. भाजीपैकी जे जे इथं होतं ते आपण पिकवू, जे होत नाही त्याशिवाय भाजी करू. अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

– सचिव

प्रेषक: सभासद, कॉव्हेंट्री
रविवार, 11 जानेवारी 2026

ताई, कल्पना चांगली आहे आणि मी खणायला येईन. पण पर्यावरणाच्या नावानं करायचं तर हिशोब नीट मांडू. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून लिहितोय.

दुरून आलं ते वाईट आणि जवळचं ते चांगलं, असं सरसकट नसतं. बहुतेक अन्नाच्या बाबतीत वाहतुकीचा वाटा एकूण उत्सर्जनात लहान असतो. पीक कसं घेतलं आणि काय खाल्लं याचा फरक जास्त पडतो. आपले तांदूळ, डाळी, चिंच, सुकं खोबरं जहाजानं येतात, त्यांना हात लावायची गरज नाही. खरा अपवाद विमानाचा. तेवढंच वजन तेवढंच अंतर विमानानं आणलं तर जहाजाच्या साधारण 50 पट कार्बन हवेत जातो. आणि विमानात कोण बसतं? नाजूक, लगेच सुकणारा माल: अळू, भेंडी, शेवग्याचा पाला, ताजा कढीपत्ता. त्यामुळे ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे.

फक्त एक अट. भेंडी-पडवळासाठी कुणी गॅसच्या हीटरचं ग्रीनहाऊस सुचवू नका. थंडीत गॅस जाळून पिकवलेला इथला टोमॅटो स्पेनहून ट्रकनं आलेल्या टोमॅटोपेक्षा भारी पडतो. ऋतूत येईल ते खायचं, हेच यातलं मर्म.

प्रेषक: सभासद, हँड्सवर्थ
सोमवार, 12 जानेवारी 2026

सचिवताई आणि मंडळी,

माझी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं अलॉटमेंटवर गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. 1908 च्या कायद्यानं अलॉटमेंट पुरवणं ही कौन्सिलची जबाबदारी आहे (लंडनच्या आतल्या भागात वेगळं आहे). परिसरातल्या सहा मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. जमीन लगेच मिळते असं नाही, यादीत थांबावं लागतं. त्यामुळे आज नवा प्लॉट मागून सप्टेंबर गाठता येणार नाही. यंदा माझा अर्धा प्लॉट वापरा. साइटच्या कमिटीला मी विचारून घेतो. मदतनीस चालतात, पण पोटभाड्यानं देणं चालत नाही. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, तिथला माल विकायचा नाही. अलॉटमेंट घरच्या खाण्यासाठी असते. गणपतीच्या जेवणाला तिकीट लावणार असाल तर ही भाजी त्या हिशोबात धरू नका, प्रसाद म्हणून वाढा.

आता पिकांचं. लाल भोपळा होतो. एप्रिलअखेर घरात खिडकीशी बी लावायचं, मेअखेर हिमाची भीती गेली की रोप बाहेर. बटरनटच्या जातकुळीला जास्त ऊब लागते, म्हणून 'क्राउन प्रिन्स' घ्या. साल राखाडी, आत गर्द केशरी. जूनमध्ये थंड ओली हवा असली की मधमाश्या फिरकत नाहीत आणि बोराएवढं फळ पिवळं पडून गळतं. तेव्हा सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर फिरवायचा. मादी ओळखायची खूण म्हणजे फुलामागे छोटा भोपळा आधीच दिसतो.

मका एका ओळीत लावू नका, चौकोनात लावा. त्याचं परागण वाऱ्यावर होतं आणि कणसाच्या प्रत्येक केसामागे एक दाणा असतो. केसाला पराग मिळाला नाही की तो दाणा भरत नाही. एका रांगेत लावलेल्या मक्याची कणसं बोळकी निघतात ती यामुळे.

लाल माठ जूनमध्ये पेरा, माती कोमट झाल्यावर. आमच्याकडच्या अपलँड्स साइटवर 400 च्या वर प्लॉट आहेत आणि जमैकाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या 'कलालू' लावतात. तो माठाचाच भाऊबंद, आपल्या माठासारखाच परतून खातात. आंबट चुका इथं सहज मिळत नाही, पण सॉरेल त्याच कुळातला आहे, एकदा लावला की वर्षानुवर्षं फुटत राहतो, आणि भाजीला आंबटपणा तोच देतो. चवळीला इथली हवा पुरत नाही. तिच्या जागी फरसबी. भेंडी पॉलिटनेलमध्ये (प्लॅस्टिकच्या कमानदार मांडवात) येते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पडवळाचा नाद यंदा सोडा. सुरण विसरा.

खताबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. तबेल्यातलं फुकट शेणखत दिसलं म्हणून ट्रॉलीभर आणू नका. कुरणांवर मारायचं अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक आहे. ते गवतातून घोड्याच्या पोटात जातं, त्याला काही न होता लिदीत तसंच उतरतं आणि खत कुजल्यावरही टिकून राहतं. 2008 साली देशभर अलॉटमेंटवाल्यांचं यानं नुकसान झालं होतं. माझ्या शेजारच्या प्लॉटवर बटाटे आणि घेवडा दोन्ही गेले; कोवळी पानं मुठीसारखी आत वळली होती. खत आणलंच तर आधी कुंडीत मातीत मिसळून त्यात ब्रॉडबीनचे चार दाणे लावा. तीन आठवड्यांनी पानं सरळ असली तरच वाफ्यात घाला. त्यापेक्षा मंडळाच्या कार्यक्रमांतली भाजीची सालं, देठं आणि चहाचा चोथा मला द्या. आपण हॉलमधून पोती भरभरून कचऱ्यात टाकतो, ते सोनं आहे. चहाच्या पिशव्या मात्र नकोत, बऱ्याचशांत प्लॅस्टिक असतं.

गोगलगायींसाठी जुन्या निळ्या गोळ्या कुणाच्या शेडमध्ये पडल्या असतील तर वापरू नका. त्यातल्या मेटाल्डिहाइडवर 2022 पासून बंदी आहे. हेजहॉग (इथले छोटे काटेरी प्राणी) आणि पक्षी त्यानं मरत.

प्रेषक: सभासद, लेस्टर
सोमवार, 12 जानेवारी 2026

काका, किती छान लिहिलंत. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, गाडी नाही, बरोबर लहान मूल. हँड्सवर्थला दर आठवड्याला येणं जमणार नाही, पण बाहेर राहावंसं वाटत नाही. यॉर्कशरमधल्या टॉडमॉर्डनला 2008 मध्ये पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि गावकऱ्यांनी रस्त्याकडेला, स्टेशनवर, दवाखान्यासमोर भाज्या लावल्या. पोलीस ठाण्यापुढे मका उभा राहिला. कुणीही तोडून न्यावं. तसं आपल्याला प्रत्येक गावात छोटं काही करता येईल का? माझ्या बाल्कनीत मेथी आणि कोथिंबीर नक्की होईल.

आणखी एक प्रश्न. फेब्रुवारीत आई येतेय. तिच्याकडून मिरची, टोमॅटो, वालाचं बी मागवू का?

प्रेषक: सभासद, हँड्सवर्थ
सोमवार, 12 जानेवारी 2026

नको. या बियांना फायटोसॅनिटरी (बी रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं, ते नसलं तर विमानतळावर काढून घेतात, आणि नियम योग्यच आहे; बियांबरोबर रोग येतात आणि इथल्या शेतात पसरतात. आईंना रिकाम्या हातानं येऊ दे.

बाल्कनीसाठी: धणे हलकेच रगडून दोन डाळ्या सुट्या करा, मग पेरा. कोथिंबीर एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर येते, म्हणून तिला दुपारची सावली द्या. मेथीला महिनाभर पुरतो.

तुम्ही एकट्या बाल्कनीत केलंत तरी ते मंडळाचंच काम आहे. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारात शेतकरी आपापल्या बागेत करून बघत आणि जे हाती येई ते एकमेकांना सांगत. ही मेलची यादी आपण तशी वापरू. काय पेरलं, कधी उगवलं, काय मेलं, सगळं इथं लिहा.

प्रेषक: सचिव
मंगळवार, 13 जानेवारी 2026

काका, प्लॉटबद्दल मनापासून आभार. साइट कमिटीचा होकार आला की कळवा. मार्चच्या पहिल्या शनिवारी खणायला कोण कोण येणार, ते याच मेलला उत्तर देऊन सांगा. फावडी आणि हातमोजे आपापले आणा. पुढच्या कार्यक्रमापासून हॉलच्या स्वयंपाकघरात सालांसाठी झाकणाची वेगळी बादली राहील. ती काकांच्या गाडीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी कॉव्हेंट्रीकरांनी घेतली आहे.

एकच गोष्ट काका सांगायची राहिली, अळूचं काय?

प्रेषक: सभासद, सॉलिहल
मंगळवार, 13 जानेवारी 2026

अळू माझ्याकडे आहे. मोठ्या कुंडीत लावलंय, हिवाळ्यात कन्झर्व्हेटरीत (घराला जोडलेल्या काचेच्या खोलीत) ठेवते, पानं झडतात पण कंद जिवंत राहतो. उन्हाळ्यात खाली पाण्याची थाळी ठेवली की हातभर पानं येतात. बाजूला भरपूर पिल्लं फुटली आहेत. एप्रिलमध्ये वेगळी करून ज्यांना हवीत त्यांना देईन. नावं मला कळवा. चिरताना हाताला चिंचेचा कोळ लावा आणि भाजीत चिंच सढळ हातानं घाला, हे खाजरं नाही पण शेवटी अळूच आहे.