मदत हवी आहे: हंटर नदीच्या क्षार-क्रेडिटचा हिशेब

ऑस्ट्रेलियातल्या हंटर नदीच्या योजनेत खाणींना खारं पाणी नदीत सोडण्याचा वाटा क्रेडिटने मिळतो; अशी १००० क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ब्लॉकमध्ये (नदीतून एका दिवसात वाहणाऱ्या पाण्याचा गट) मावणाऱ्या क्षारांचा ०.१ टक्का. समजा ब्लॉकमध्ये २०० कोटी लिटर पाणी, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप) ६००, मर्यादा ९००. फरक ३००, गुणिले ०.६ (ईसीवरून लिटरमागे क्षारांचे मिलिग्रॅम काढायला) म्हणजे लिटरला १८० मिलिग्रॅम, सगळ्या पाण्यात ३६० टन. २५ क्रेडिटला ९ टन, म्हणजे ५००० ईसीचं खाणीचं ३० लाख लिटर पाणी.

पण सोडलेल्या पाण्याने प्रवाहही वाढतो. तो धरला तर साडेछत्तीस लाख लिटर निघतात! कोणता आकडा धरावा? माझा कल नदीच्या बाजूने, कमीकडे.

दुसरं, ईसी मोजणाऱ्या प्रोबवर पापुद्रा बसला की ईसी कमी दिसतो. ६००चे ५५० दिसले तरी ६० टन जादा सुटतील. प्रोब किती दिवसांनी साफ करून प्रमाणित द्रावणात तपासता?