कढीपत्त्यावरील अळ्यांविषयी
कढीपत्ता फस्त करणाऱ्या अळ्यांवर काय फवारावे, असे एकाने विचारले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की काहीही फवारू नये. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती अळी बहुधा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची असते. पुढे कात टाकून ती हिरवीगार होते आणि तिला हलकेच स्पर्श केल्यास डोक्यामागून तांबूस, दुभंगलेल्या शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. पूर्वी मीही अशा अळ्या वेचून फेकत असे, याचे आता मनापासून वाईट वाटते. गेल्या पावसाळ्यात एक फांदी त्यांच्यासाठी राखली. ती पार ओकीबोकी झाली, पण महिन्याभरात पुन्हा पालवली, आणि एका सकाळी कोशातून नुकतेच निघालेले फुलपाखरू चुरगळलेले ओले पंख वाळवीत कुंडीच्या काठावर बसलेले दिसले.