संवेग, जोर की मोमेंटम?

शब्दार्थी: खेळांतून गतीचे नियम सांगणारा लेख मराठीत आणतोय. वाचक दहा-बारा वर्षांचे. झेल घेताना हात मागे का ओढायचे, तिथे मी 'चेंडूचा संवेग' (मोमेंटम, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) लिहिलं. संपादकांनी खोडून 'जोर' केलं. पण चार ओळी वर 'बॅटने लावलेला जोर' आहेच, आणि तो म्हणजे बल! आता काय करू?

स्लिपमधला: 'जोर' नकोच. 160 ग्रॅमचा चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने आला. तो थांबेपर्यंत हात 2 सेंटीमीटरच मागे गेले, तर सरासरी 1600 न्यूटन बल बसतं. 20 सेंटीमीटर गेले तर 160. येणारा संवेग तोच, तडाखा वेगळा. दोन शब्द लागणारच. (माझी करंगळी पहिल्या प्रकारात गेलीय.)

पाटीपेन्सिल: संवेग म्हटलं की मला योगसूत्रांतला 'तीव्रसंवेग' आठवतो. चेंडूला कसली आलीय साधकाची तळमळ?

रोखठोक: मग मोमेंटम म्हणा की सरळ! समालोचनात रोज असतोच, 'मोमेंटम आता पाहुण्या संघाकडे'.

स्लिपमधला: त्या मोमेंटमला वस्तुमान नसतं हो. तो नुसता सामन्याचा रंग.

पाटीपेन्सिल: न्यूटननेही 1687 मध्ये दुसरा नियम लिहिताना लॅटिनमधला साधा 'मोटस' वापरला, म्हणजे गतीच. व्याख्येत तेवढं 'गतीचं परिमाण'. बोजड शब्द घडवायची हौस आपलीच.

रोखठोक: बोजडवरून आठवलं, जडत्व, म्हणजे आहे त्या स्थितीतच राहण्याचा वस्तूचा गुण! भाची विचारते, 'चेंडू तर हलका, त्याला कुठलं जडत्व?' जड-चेतनातला 'जड' तिला कुणी सांगितलाच नाही.

स्लिपमधला: भाची फार चुकत नाहीये. पुरुषांच्या गोळाफेकीतला गोळा 7.26 किलोचा. हलवायला अवघड, तितकाच थांबवायलाही. दोन्ही 'जड' तिथे एकत्र येतात.

पाटीपेन्सिल: व्युत्पत्ती अशी खांद्यावरून फेकायची नसते.

रोखठोक: त्यापेक्षा तिसऱ्या नियमातली 'प्रतिक्रिया' बघा. पोहणारा वळताना भिंतीला पायांनी रेटतो, भिंत त्याच क्षणी त्याला रेटते. पण प्रतिक्रिया म्हटलं की वाटतं, भिंत आधी ऐकून घेते, मग बोलते. सामना हरलेल्या कर्णधारासारखी.

पाटीपेन्सिल: शब्द चांगलाय. वापरून वापरून तुम्ही लोकांनी तो गुळगुळीत केलात.

शब्दार्थी: मंडळी, माझा झेल?

स्लिपमधला: तो केव्हाच सुटला. प्रतिक्रियेऐवजी 'उलट रेटा' कसा वाटतो?