पर्समध्ये चाकू ठेवू का?

सांजवेळ:
गेले तीन महिने माझी ड्युटी रात्री अकराला सुटते. थांब्यापासून घर दहा मिनिटांवर आहे, पण मधल्या पट्ट्यात दिवेच नाहीत. मागच्या मंगळवारी एक माणूस अख्खी वाट माझ्या मागून आला. मी थांबले की तोही थांबायचा. बोलला काही नाही, केलंही काही नाही. पण घरात शिरल्यावर माझ्या हाताला एवढा कंप सुटला होता की दाराची कडी बसेना.

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने घडीचा चाकू आणून दिला. म्हणाला, "ताई, जवळ असला की धीर येतो." धीर येतो हे खरं. पण काल तो उघडून पाहिला तर पातं बाहेर काढायला दोन्ही हात लागले. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. माझ्यासारखीने हत्यार बाळगावं का? पोलिसांत कळवून झालंय, त्यामुळे तेवढंच सांगू नका.

रानवारा:
बाळगा. मदत पोचेपर्यंतची पाच-दहा मिनिटं आपली आपणच काढायची असतात. ज्याला हल्ला करायचाय तो कायदा बघून हत्यार घेत नाही, मग नियम पाळणाऱ्यानेच रिकाम्या हाताने का फिरायचं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा नागरिकाचा हक्क मानला. भावाचं बरोबर आहे. फक्त एका हाताने उघडणारा चाकू घ्या.

खडूची रेघ:
ताई, मी बारा वर्षं स्वसंरक्षणाचे वर्ग घेतो. रानवारा यांचा मुद्दा मला पटतो, मदत उशिराच येते. पण चाकू एका हाताने उघडला म्हणून प्रश्न सुटत नाही.

वर्गात मी रबरी चाकूच्या धारेला लाल खडू फासतो आणि तो शिकणाऱ्याच्या पर्समध्ये ठेवायला देतो. मग सात पावलांवरून चालत येतो आणि मध्येच धाव घेतो. बहुतेक वेळा मी पोचतो तेव्हा चेन अर्धी उघडलेली असते. ज्यांचा चाकू बाहेर निघतो त्यांच्याशी झटापट होते, आणि नंतर हात बघायला सांगितलं की लाल रेघ त्यांच्याच तळहातावर सापडते. कधी मनगटावर. एका मुलीला ती स्वतःच्या गळ्याजवळ सापडली. ती बराच वेळ गप्प बसून होती.

सात पावलं मी मनाने ठरवलेली नाहीत. डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने 1983 साली लिहिलं होतं की 21 फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला सरावलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. तुमचा चाकू तर पर्सच्या तळाशी, किल्ल्या आणि चार्जरखाली.

आणि धीराबद्दल. ज्या वाटेने तुम्ही आज जाणार नाही, त्या वाटेने खिशात चाकू आहे म्हणून जाल. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

रात्रपाळी:
मी अपघात विभागात नर्स होते. एकाने घाबरून स्वतःच्या बचावासाठी चाकू मारला होता. मुठीला बोटं अडवणारी अडणी नव्हती, रक्ताने हात निसटून पात्यावर गेला आणि त्याच्याच तीन बोटांच्या कंडरा, म्हणजे बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या, तुटल्या. ऑपरेशननंतरही मूठ पूर्ण मिटली नाही.

बंदुकीबद्दल एवढंच सांगते. अमेरिकेत 2021 साली बंदुकीने 48 हजारांवर माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. घरात हत्यार आणताना आपण दाराबाहेरच्या माणसाचा विचार करतो. घरातल्या खचलेल्या माणसाचाही करायला हवा.

सांजवेळ:
गळ्याजवळच्या रेघेचं वाचून अंगावर काटा आला. मग मिरचीचा स्प्रे? की तोही पर्समध्येच राहणार?

खडूची रेघ:
पर्समध्ये ठेवलात तर त्याचंही तेच होईल. थांब्यावर उतरतानाच हातात घ्या, अंगठा बटणावर. मारा साधारण दोन ते चार मीटर जातो. वारा समोरून असेल तर तुमच्याच डोळ्यांत येईल, म्हणून सरावासाठी मिळणारा पाण्याचा डबा आधी घ्या आणि मोकळ्यावर मारून बघा. डब्यावरची मुदत बघा, जुन्याचा दाब उतरतो. फवारा मारून तिथे थांबायचं नाही, पळायचं आणि ओरडायचं. आणि तुमच्याकडे चालतो का हे आधी कायद्यात बघून घ्या. ब्रिटनमध्ये हा स्प्रेसुद्धा बंदी घातलेल्या हत्यारांत मोडतो, आणि "स्वसंरक्षणासाठी" म्हणून चाकू जवळ ठेवणं तिथे सबब म्हणून चालत नाही.

रानवारा, सरावाशिवाय हत्यार देऊ नये एवढं तरी मान्य कराल?

रानवारा:
सरावाचं मान्य. हक्काचं नाही सोडणार.

सांजवेळ:
कायदा बघितला, इथे चालतो. पाण्याच्या डब्याने काल गच्चीवर सराव केला. पहिल्यांदा वारा समोरून होता, चष्मा भिजला. नंतर जमलं. चाकू भावाला परत दिलाय, तो जरा रुसलाय. एक अडचण मात्र आहे. अंधारात डब्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बोटांना कळत नाही. काय करू?

खडूची रेघ:
तोंडाच्या विरुद्ध बाजूला जाड रबरबँडची गाठ बसवा, बटणाच्या खाली. अंगठ्याला गाठ लागली की तोंड समोर. डोळे मिटून वीस वेळा उचलून बघा.